चिलटाच्या शेपटाचा नकाशा

माझी भाची चिलटांवर पीएच.डी. करते, हे मी नातेवाइकांत सांगणं सोडून दिलंय. लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, 'तिला विचार ना, आमच्या गॅलरीत संध्याकाळी फार होतात, काय फवारायचं?' नाशकात गंगापूर रोडला नदीच्या अंगाला राहणाऱ्यांचा तर हा ठरलेला प्रश्न. ट्यूबलाइट लावली की तासाभरात तिच्याभोवतीची भिंत काळी, आणि सकाळी केर काढताना सुपलीत त्यांचा नुसता भुगा.

तर विचारणाऱ्यांसाठी एकदाच लिहून टाकते. ही चिलटं चावत नाहीत. दिसायला डासासारखी असली तरी रक्त प्यायची सोंड त्यांना नसते. बहुतेकांचं मोठेपणीचं आयुष्य मोजक्या दिवसांचं असतं आणि त्यात खाण्यापिण्याला फारसा वेळच नसतो. जे काही खायचं ते पाण्याखाली, अळी असताना खाऊन झालेलं. गोठ्यात संध्याकाळी पायाला कडकडून चावतात ती वेगळ्या घराण्यातली. मेंढ्यांना नीलजिव्हा रोग होतो तो त्यांच्यामुळे. आणि सोसायटीच्या टाकीत कधी लाल अळ्या निघाल्या तर घाबरून किंचाळू नका. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तात असतं तेच. गाळात प्राणवायू कमी, तो धरून ठेवायला त्यांना ते लागतं. टाकी रिकामी करून घासायची आणि झाकण नीट बसवायचं, संपलं. आमच्या इथे या अळ्यांवरून जी तातडीची मीटिंग झाली, तिच्यात पाण्यापेक्षा मेंटेनन्सच्या थकबाकीवरच जास्त बोलणं झालं, ते सोडा.

पण आज लिहायचंय ते त्यांच्या एका चुलतभावाबद्दल. त्याला अजून छापील नाव नाही आणि त्याच्या शेपटाकडचा भाग गेले काही महिने मी कागदावर काढते आहे.

मी काही शास्त्रज्ञ नाही. सरकारी कचेरीत अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा आणि शाईने हुबेहूब उतरवायचं. कालवे, वितरिका, चाऱ्या, पोटचाऱ्या. रॉटरिंगचं पेन, फ्रेंच कर्व्ह, अक्षरांची स्टेन्सिल, आणि बाजूच्या खोलीतून येणारा अमोनिया प्रिंटचा डोळ्यांतून पाणी काढणारा वास. पुढे संगणक आले, ऑटोकॅड आलं आणि आमची जमात संपली. निघताना माझी पेनं मी घरी आणली. आमचे हे म्हणायचे, आता यांचं लोणचं घाल.

मग एकदा भाचीचा फोन आला. "मावशी, तुझी ती पेनं अजून चालतात का?"

तिने पकडलेला प्राणी निफाड तालुक्यातला. गाव सांगत नाही, ते निबंधात अक्षांश-रेखांशासह छापून येईल तेव्हा बघा. नांदूर मधमेश्वरच्या आसपासचा पट्टा म्हणा, पण अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा. आत काहीही पकडायचं तर वनखात्याची परवानगी लागते, मग ते चिलट का असेना. नांदूर मधमेश्वर २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्यानंतर थंडीत तिथे मोठमोठ्या लेन्सा घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढली. ही मंडळी ज्या बदकांचे आणि चिखलात चोची खुपसणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढतात, त्यांतले कितीतरी याच चिलटांच्या अळ्यांवर पोसलेले असतात. भाची त्यांच्याकडे पाठ करून चारीच्या दगडात डोकं घालून बसलेली असते.

एका जुन्या चारीच्या दगडी बांधकामातून पाणी पाझरतं. धार नाही, नुसती ओल. दगडावर शेवाळ, शेवाळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत सरकत असतो. अशा जागी राहणारी चिलटं तळ्यातल्या चिलटांपेक्षा निराळी असतात, म्हणून तिने तिथे शोधायचं ठरवलं होतं. त्या भागातल्या चाऱ्यांचे नकाशे माझ्या हातून गेलेले आहेत. त्या ओलीची खूण मात्र कुठल्याच शीटवर नाही, आणि असायचं कारणही नाही. नकाशात पाणी जिथून जायला हवं तिथूनच जातं.

पकडायच्या पद्धती ऐकून मजा वाटते. नर संध्याकाळी थव्याने नाचतात, एखाद्या उंचवट्याच्या वर. झुडूप, खांब किंवा उभं असलेलं माणूस, काहीही चालतं. मादी त्या थव्यात शिरली की तिच्या पंखांचा सूर नराला ऐकू येतो. ऐकायचं काम मिशा करतात. नराच्या मिशा झुपकेदार असतात, त्यांचे केस सुराने थरथरतात आणि बुडाशी असलेल्या गोल गाठीत तो थरथराट टिपला जातो. भाची चारीवर उभी राहून स्वतःच्याच डोक्यावरून जाळी फिरवते. बाजूच्या द्राक्षबागेतले एक काका पहिल्या दिवशी काळजीने विचारायला आले होते की ताई, मधमाश्या मागे लागल्या का.

मोठी चिलटं पकडून काम निम्मंच होतं. अळी कुठली आणि हे पंखवालं कुठलं, हे एकाच जातीचे आहेत हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी अळी जिवंत आणायची आणि एकेक वेगळी वाढवायची. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बारीक काचेच्या बाटल्या असतात ना, त्या तिने मेनरोडवरून शेकड्याने आणल्या. एका बाटलीत एक अळी, थोडं शेवाळ, तिथलंच पाणी, वर कापसाचा बोळा. अळी कोष करते, कोषातून चिलट बाहेर येतं, आणि बाटलीत तीन गोष्टी उरतात: अळीची सोडलेली कातडी, कोषाची कातडी आणि प्रत्यक्ष प्राणी. तिन्ही एकाच जिवाचे, हा पुरावा. बहुतेक अळ्या मधेच मरतात. पाझरत्या पाण्याची सवय असलेल्यांना बाटलीतलं साचलेलं पाणी मानवत नाही. जी थोडी निघाली ते सगळे नर.

मग स्लाइड. मला वाटलं होतं काचेवर चिलट ठेवून वर दुसरी काच ठेवायची. तसं नाही. आधी कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून आतलं मांस विरघळवायचं, म्हणजे फक्त कवच राहतं. नंतर ॲसेटिक ॲसिड, लवंगेचं तेल, आणि शेवटी कॅनडा बाल्सम. हा एका झाडाचा डिंक, आणि सुकायला आठवडे घेतो. लवंगेच्या तेलाच्या पायरीला तिच्या खोलीत दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखा वास येतो. त्या तेलात, सूक्ष्मदर्शकाखाली, इन्सुलिनच्या सुईने दोन मिलिमीटरच्या जिवाचे भाग सुटे करायचे. पंख वेगळे, पाय वेगळे, डोकं, छाती आणि पोट आपापल्या जागी, प्रत्येकावर छोटी कव्हरस्लिप. पूर्ण झालेली स्लाइड बघितली की वाढलेलं ताट आठवतं, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, आणि कुणीही कशाची जागा बदलायची नाही. जगभरात ही मांडणी साधारण सारखीच ठेवतात, म्हणजे नॉर्वेतल्या माणसालाही स्लाइड हातात घेतल्यावर पाय शोधावे लागत नाहीत.

आता मुख्य काम. या घराण्यात जात ओळखायची ती नराच्या पोटाच्या टोकावरून. त्याला हायपोपिजियम म्हणतात. मिलनाच्या वेळी मादीला धरायचे चिमटे, आकडे, बोटं, केस, सगळी सामग्री तिथे असते. रंग फसवा असतो, पंख बरेचसे सारखे असतात, पण हा भाग जातीगणिक बदलतो. आमचा प्राणी टॅनिटार्सस या प्रजातीतला, म्हणजे जीनसमधला. हे नाव व्हान डर वुल्प नावाच्या डच माणसाने १८७४ मध्ये दिलं. या प्रजातीत चिमट्याच्या आतल्या बाजूला एक चपटी पाळी असते, वरची व्हॉल्सेला. तिच्या खालून एक बारीक बोट डोकावतं, त्याला डिजिटस म्हणतात. आणि अगदी टोकाला, मध्यावर, एक सुळका, त्यावर दोन कडा आणि कडांच्या मधे काट्यांचे बारीक पुंजके. बोट व्हॉल्सेलाच्या बाहेर किती येतं, काट्यांचे पुंजके किती, केस कुठे आणि कसे, यावर नवं की जुनं ते ठरतं.

हा सगळा पसारा मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात. मला तो साधारण पंधरा सेंटिमीटरचा काढायचा होता, म्हणजे हजार पट. नोकरीत मी एक सेंटिमीटरला पन्नास मीटर अशा प्रमाणात काम केलं. इथे एक सेंटिमीटर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पहिले काही दिवस डोकं गरगरलं, मग हाताला कळलं की रेघ ती रेघच.

काढायला कॅमेरा ल्युसिडा. नावात कॅमेरा असला तरी फोटो निघत नाही. सूक्ष्मदर्शकाला बाजूने एक नळी जोडलेली, आत आरसा आणि प्रिझम. डोळा लावला की स्लाइडवरचा प्राणी आणि टेबलावरचा स्वतःचा हात, पेन्सिलसकट, एकावर एक दिसतात. कागदावरचा उजेड जास्त झाला की प्राणी नाहीसा होतो, कमी झाला की पेन्सिल. तो तोल सांभाळायला मी शेवटी टेबललॅम्पवर तांदळाच्या पिशवीचा कागद लावला.

तिच्या सरांचं म्हणणं होतं, फोटो टाका, वेळ कशाला घालवता. त्यांचं अगदीच चूक नाही, आजकाल फोटो सगळेच टाकतात. पण एवढ्या मोठ्या लेन्समध्ये एका वेळी मिलिमीटरचा हजारावा भाग, फार तर थोडा जास्त, इतकीच खोली स्पष्ट दिसते. वरचा केस स्पष्ट केला की खालचं बोट धूसर, बोट स्पष्ट केलं की केस गायब. खोलीखोलीवर फोटो घेऊन संगणकाने ते जोडताही येतात. आम्ही करून पाहिलं. चित्र देखणं आलं. पण केस कुठून उगवलाय तेच त्यात कळेना, अधांतरी तरंगत होता. फोकसचं चाक हळूहळू फिरवत, एकेक थर बघत माणूस काढतो तेव्हा त्याला प्रत्येक रेघेचा हिशेब द्यावा लागतो. ही रेघ वरच्या थरातली की खालच्या? इथे कडा संपते की वळून आत जाते? फोटो असा प्रश्न कुणाला विचारत नाही.

आणखी एक गोष्ट समजली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. हे चित्र अर्धं वरून आणि अर्धं खालून काढायची रीत आहे. प्राणी डावीकडे-उजवीकडे सारखाच, मग दोन चित्रं कशाला? मधोमध उभी रेघ मानायची, डाव्या बाजूला पाठीकडून दिसतं ते, उजवीकडे पोटाकडून दिसतं ते आणि आतल्या कवचाचे आधार. अहो, हेच आम्ही करायचो! हाफ सेक्शन, हाफ एलिव्हेशन. मोरीचं ड्रॉइंग, गेटचं ड्रॉइंग, निम्मं कापून आणि निम्मं बाहेरून. भाचीला जे समजून घ्यायला दोन वर्षं लागली ते मला एका चहात कळलं, आणि हे मी तिला अधूनमधून ऐकवते.

भांडण झालं ते एका केसावरून. व्हॉल्सेलावर पुढच्या कडेला केसांची रांग आहे. डाव्या बाजूला एका केसाच्या जागी फक्त बारीक वर्तुळ होतं, म्हणजे केस उगवतो ती खोबण आहे पण केस तुटून गेलाय. भाची म्हणाली, "काढ गं केस, बाकीच्या सगळ्या नमुन्यांत आहे." मी म्हटलं, "मूळ नकाशात नाही ते ट्रेसर काढत नाही." हा नमुना काही साधा नव्हता, तो होलोटाइप होता. म्हणजे या जातीचं नाव ज्या एका जिवाला कायमचं बांधलं जाणार तो. उद्या शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो हीच स्लाइड काढून बघणार. त्याला खोबण दिसेल, आणि माझ्या चित्रात केस. मग तो बाकीच्या रेघांवर तरी विश्वास का ठेवील? ती म्हणाली, आणि हेही खरंच, की वाचणाऱ्याला जात कशी असते ते बघायचंय, एका जिवाची मोडतोड नाही. शेवटी मी खोबण काढली आणि तिने मजकुरात लिहिलं की डाव्या बाजूचा एक केस गळालेला आहे, पॅराटाइपमध्ये, म्हणजे सोबतच्या बाकी नमुन्यांत, तो आढळतो. दोघींनाही आपण जिंकलो असं वाटतं.

चित्रापेक्षा मला तिच्या मोजमापांचा कंटाळा. मिशीच्या शेवटच्या खंडाची लांबी भागिले बाकी सगळ्या खंडांची मिळून लांबी. पुढच्या पायाच्या पावलाचा पहिला सांधा भागिले नडगी. प्रत्येक नमुन्याचं, प्रत्येक पायाचं. छातीवरचे केस मोजायचे, तेही रांगेनुसार. हे तक्ते तीच भरते. मी चहा करते.

आणि एवढं करून 'नवा' म्हणता येतं का? नाही. आधी सगळे जुने तपासायचे. इथे येतो किफर. झां-झाक किफर, १८५७ ते १९२५, बिच नावाच्या गावात शिकवणारा एक पाद्री. हा माणूस भारतात राहिलेला नाही, पण कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधून त्याच्याकडे चिलटं जायची आणि तो वर्णनं लिहायचा. १९१० च्या सुमारास आपल्याकडच्या ढीगभर जातींना त्याने नावं दिली. वर्णनं मोजक्या ओळींची, फ्रेंचमध्ये, रंगावर भर, चित्र असलं तर जेमतेम. त्याने पाहिलेले बरेचसे नमुने आज सापडतच नाहीत. मग त्या ओळींत बसणारं प्रत्येक पिवळसर बारकं चिलट 'कदाचित किफरचंच' असू शकतं. भाची त्याच्यावर चिडते. मला त्याचं नवल वाटतं. त्या काळच्या उजेडात, मेणबत्तीशी म्हणा की कंदिलाशी, एवढं बघितलं. पण ट्रेसर म्हणून सांगते, बाबा रे, एक नीट चित्र काढून ठेवलं असतंस तर आमचा अख्खा उन्हाळा वाचला असता. पुढे बर्दवान विद्यापीठातल्या मंडळींनी बंगालातल्या आणि हिमालयातल्या या जातींवर बरंच काम केलं, चित्रांसकट. त्यांच्याशी ताडून बघणं सोपं गेलं. आमच्या प्राण्याचं बोट त्यांच्यातल्या कुणासारखं नाही. आखूड आहे, आणि टोकाशी आत वळलेलं.

जनुकांचीही साक्ष घेतात. एका ठरलेल्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो जगभरच्या साठ्याशी ताडतात. जवळचं काही जुळलं नाही. पण नुसतं न जुळणं म्हणजे नवी जात नव्हे, कारण आपल्याकडच्या जुन्या जातींचेही तुकडे अजून कुणी वाचलेले नाहीत. फिरून किफरपाशीच.

नाव ठरलंय. घरात सगळ्यांनी आपापली सुचवून झाली. अंजनेरीच्या कंदीलपुष्पाला डोंगराचं नाव मिळालं, मग आमच्या चिलटाला गोदावरीचं का नको, असा एक प्रस्ताव होता. काय ठरलं ते इथे लिहीत नाही. वर्णनाशिवाय कुठेही छापलेलं नाव नियमाने नाव धरतच नाहीत, आणि माझ्या हातून ते अर्धवट बाहेर पडलं तर भाची मला घरात घेणार नाही. आताच्या नियमात होलोटाइप कुठे ठेवला हेही लिहावं लागतं. शिवाय जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. आमचा पुण्याला आकुर्डीत, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जाईल. त्याच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. अल्कोहोलच्या बाटलीत बॉलपेनची शाई विरघळते, रॉटरिंगची काळी शाई सुकली की विरघळत नाही. देश, राज्य, जिल्हा, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, हे सगळं नखाएवढ्या कागदावर. अशी अक्षरं काढणारं माणूस आता त्यांच्या विभागात दुसरं नाही, असं तिचे सर म्हणाले. फोटो टाका म्हणणारे तेच सर.

निबंध सध्या परीक्षकांकडून परत आलाय. पहिल्याला पायांची आणखी मापं हवीत. दुसऱ्याने चित्रांबद्दल चांगलं लिहिलंय, पण प्रमाणपट्टी जाड करा आणि सगळी अक्षरं संगणकावर, एकाच आकारात टाका म्हणून कळवलंय. म्हणजे माझी स्टेन्सिलची अक्षरं गेली. पट्टी मी जाड करून दिली.

आणि दोघांनीही तोच प्रश्न विचारलाय: मादी कुठे आहे? 'मादी अज्ञात' असं लिहून निबंध छापता येतो, पुष्कळांचे छापलेत. पण भाचीला ते डाचतंय. पावसाळा सरला की पुन्हा चारीवर जायचं आणि बाटल्या लावायच्या, असं ठरलंय. या खेपेला बाटलीतलं पाणी हलतं ठेवायला माशांच्या टाकीतला छोटा पंप लावून बघू, असं मी सुचवलंय. त्या द्राक्षबागवाल्या काकांनी मोटारीच्या शेडमध्ये विजेचं कनेक्शन देऊ केलंय, फक्त त्यांची एक अट आहे: निघालेली मादी आधी त्यांना दाखवायची.